अलिबागेहून दिमोन्यास

हल्लीं आपल्या समाजांतील बहुतेक घरांतून एखादा तरी मुलगा अगर मुलगी परदेशीं असते, आणि त्यांच्या हकीकती आपणां सर्वांस पाठ झाल्या आहेत. विमानतळावरील निरोप, पहिल्या वर्षाची थंडी, भाजणीचीं पुडकीं, आणि पुढें कधीं तरी ‘आम्हीं येथेंच राहावयाचें ठरविलें आहे’ अशी हळूच दिलेली वार्ता. ह्या जाण्याचें कारण उघड असतें : विद्या आणि द्रव्य. जेथें जावयाचें तो देश परका आहे हें जाणाऱ्यास ठाऊक असतें. म्हणून तेथें कोणीं परकेपणानें वागविलें तर दुःख झालें तरी आश्चर्य वाटत नाहीं. मला ज्या कुटुंबाविषयीं लिहावयाचें आहे तें कुटुंब परदेशीं गेलें तें मात्र आपण स्वदेशीं परत जात आहों अशा समजुतीनें. हा भेद लहान नव्हे. परक्यानें दार लावलें तर मनुष्य दुसरें दार ठोठावतो. घरच्यांनींच ‘तूं कोण?’ म्हणून विचारलें तर काय करावें?

हें कुटुंब बेने इस्रायलांचें, म्हणजे आपल्या कोंकणांतील मराठी यहुद्यांचें होतें. जुन्या वाचकांस हा समाज परिचयाचा असेल. तरुणांस तो आतां बहुतकरून पुस्तकांतूनच कळावयाचा, कारण तो येथून जवळजवळ उठून गेला आहे. त्यांची परंपरा अशी कीं, फार प्राचीन काळीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. बुडालेल्यांस पुरलें ती जागा नवगांवांत अजून दाखवितात. समुद्रानें कांठास लावलेल्या चौदा देहांची कथा कोंकणांतील आणखीहि एका जातीच्या उत्पत्तीविषयीं सांगतात, हें आमच्या चित्पावन वाचकांस सांगावयास नको. दोन्ही कथांची शहानिशा पंडितांनीं करावी.

वांचलेल्यांनीं तेल गाळण्याचा धंदा धरला. शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गांवकरी त्यांना शनवार तेली म्हणूं लागले. बोलणें मराठी, बायकांचें नेसणें लुगडें, नांवें हसाजी, समाजी, एलोजी अशीं, आणि आडनांवें गांवांवरून : दिवेकर, पेणकर, किहीमकर, झिराडकर, नवगांवकर. धर्मग्रंथ जवळ उरला नव्हता, हिब्रू भाषा विसरली गेली होती. शनिवार पाळावयाचा, मुलाची आठव्या दिवशीं सुंता करावयाची, कांहीं मासे व मांस वर्ज्य मानावयाचें, आणि ‘शमा’ ह्या प्रार्थनेचे आरंभींचे शब्द सुखदुःखाच्या सर्व प्रसंगीं उच्चारावयाचे, एवढेंच काय तें राहिलें होतें. सणांना त्यांनीं मराठी नांवें दिलीं. वर्षारंभ तो नव्याचा सण. मग खिरीचा सण. प्रायश्चित्ताच्या कडक उपवासाचा दिवस तो दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशीं दारें लावून घरांतच बसावयाचें. त्याच्या दुसऱ्या दिवशीं शिळा सण. आणि यरुशलेमेंतील मंदिराच्या विध्वंसाचा जो शोकदिन त्याला म्हणत बिरड्याचा रोजा, कारण त्या उपवासाशीं वालाचें बिरडें निगडित होतें. पंडितांवांचून, पोथीवांचून एखादी स्मृति कशी टिकते ह्याचें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

पुढें धर्मशिक्षण मिळालें, मुंबईस वस्ती वाढली. १७९६ सालीं सॅम्युएल इझिकेल ऊर्फ समाजी हसाजी दिवेकर यांनीं मुंबईंत ह्या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. त्याला ते लोक मशीदच म्हणत. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची हिब्रू पोथी मराठी भाषांतरासह १८४६ त मुंबईस छापली गेली, आणि १८७४ त पुण्यास जी निघाली तिच्यांतील चित्रांत यहुदी स्त्रिया लुगडीं नेसून सणाच्या भाकरी करीत आहेत. १८७५ त हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं मुंबईंत इस्रायली मुलांसाठीं शाळा काढली. घाणे मागें पडले, आणि हा समाज सरकारी कचेऱ्या, रेल्वे, टपाल, फौज आणि शाळा यांत शिरला. १९०५ सालीं मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिली आलेली रिबेका रूबेन ही पुण्याच्या हुजूरपागेची विद्यार्थिनी ह्याच समाजांतली होती. असो.

आमच्या अलिबागेंत इस्रायल आळी आहे. तेथील एक कुटुंब माझ्या वडिलांच्या फार घरोब्याचें. आडनांव येथें देत नाहीं. त्या गृहस्थांस आम्ही काका व त्यांच्या पत्नीस काकू म्हणत असूं. काका जिल्हा कचेरींत कारकून, वडील शाळेंत शिक्षक. दोघे सायंकाळीं बरोबर समुद्रावर फिरावयास जात. १९६० सालीं काका, काकू, काकांची वृद्ध आई, एकोणीस वर्षांची मुलगी आणि चौदा व नऊ वर्षांचे दोन मुलगे अशीं सहा माणसें इस्रायलला गेलीं. मी तेव्हां इतका लहान होतों कीं, मला त्यांचे चेहरेहि आठवत नाहींत. परंतु त्यानंतर सुमारें तीस वर्षें त्यांचीं पत्रें आमच्या घरीं येत राहिलीं, आणि मला वाचतां येऊं लागल्यापासून तीं आजीला मोठ्यानें वाचून दाखविणें हें माझें काम होतें. वडिलांच्या मागें तीं सर्व पत्रें मजकडे आलीं. पुढील मजकूर मुख्यत्वें त्यांवरून लिहिला आहे.

कां गेलीं, हा प्रश्न आजी प्रत्येक पत्राच्या शेवटीं विचारी. येथें त्यांना कोणीं छळलें नव्हतें. यहुद्यांना ज्या थोड्या देशांत शेजाऱ्यांचा ताप झाला नाहीं त्यांत महाराष्ट्र आहे, आणि तेथें गेलेले बेने इस्रायल ही गोष्ट आवर्जून सांगत आले आहेत. परंतु पुढचा सण यरुशलेमांत व्हावा अशी प्रार्थना ज्यानें दर वर्षीं केली, त्याला ती वाट एके दिवशीं खरोखरच मोकळी झाली तर घरीं बसून राहणें कठीण जातें. १९४८ त इस्रायलचें राज्य स्थापन झालें, आणि १९५० च्या कायद्यानें जगांतील कोणाहि यहुद्यास तेथें येऊन राहण्याचा अधिकार दिला. शिवाय इंग्रज गेल्यावर सरकारी नोकरींत आपला पूर्वींचा वशिला राहणार नाहीं ही धास्ती होती, आणि एकदां आप्त जाऊं लागले म्हणजे मुलींस स्थळें कोठें पाहावयाचीं हाहि प्रश्न होताच. काकांच्या पहिल्या पत्रांत प्रार्थनेचें कारण आहे. पांचव्या-सहाव्यांत स्थळांचें आहे. मला दोन्ही खरीं वाटतात.

काका गेले तेव्हां पहिल्या लाटेचे हाल सरले होते. १९४९ ते १९५२ च्या सुमारास जे गेले त्यांना तंबूंत आणि पत्र्याच्या खोपट्यांत दिवस काढावे लागले होते. नव्या राज्यांत अन्नवस्त्रावर नियंत्रण होतें. पुष्कळांना बीरशेबा येथें धाडलें. (हें गांव १९४८ च्या ऑक्टोबरपर्यंत अरबांचें होतें. नवीन आलेल्यांनीं ज्या भूमींत बिछाने पसरले तेथून दुसऱ्या कोणाचे तरी गुंडाळले गेले होते, हें ह्या कथेंत विसरतां येत नाहीं.) मुंबईंत टेबलाशीं बसून काम केलेल्या माणसांच्या हातीं तेथें फावडें आलें, आणि रंगावरून टोमणे ऐकूं येऊं लागले, काळा पाव काळ्यांसाठीं असें हिणवितात ही त्यांची एक तक्रार होती. १९५१ च्या अखेरीस कांहीं जणांनीं तेल अवीव येथें धरणें धरलें आणि आम्हांस भारतांत परत पोंचवा अशी मागणी केली. १९५२ त खरोखरच एक तुकडी परत आली. गंमत म्हणावी कीं दैव म्हणावें, परत आलेल्यांतील बहुतेकांना येथेंहि चैन पडलें नाहीं आणि ते पुन्हां तिकडे गेले. दोन्ही तीरांवर पाय टेकेना अशी ती अवस्था.

काकांच्या वांट्यास आलें तें दिमोना. नेगेव्हच्या वाळवंटांत १९५५ सालीं वसविलेलें हें गांव; पहिले वसाहतवाले मोरोक्कोहून आलेले. अलिबागेच्या माणसाला वाळू नवी नव्हती, पण समुद्रावांचून वाळू ही कल्पना काकांच्या आईला शेवटपर्यंत पटली नाहीं. ती संध्याकाळीं गॅलरींत उभी राहून, भरती कोणत्या बाजूनें येते म्हणून विचारी, असें काकूंनीं लिहिलें आहे. थट्टेनें लिहिलें असावें असें आम्हांस वाटे. मोठेपणीं तें पत्र पुन्हां वाचलें तेव्हां थट्टा वाटली नाहीं.

काकांना सूतकापडाच्या कारखान्यांत पाळीचें काम मिळालें. पंचवीस वर्षें टांक धरलेलीं बोटें साच्यावर तुटलेले धागे जोडूं लागलीं. पगार वाईट नव्हता. परंतु अलिबागेस ज्या मनुष्यास कचेरीचा शिपाई ‘रावसाहेब’ म्हणून चहा आणून देई, त्याच्यावर तेथें विशीचा मुकादम आवाज चढवी. काकूंनीं जन्मांत घराबाहेर नोकरी केली नव्हती. त्या बालवाडीच्या स्वयंपाकघरांत कामास लागल्या, आणि तीन वर्षांत हिब्रूंत भाजीवाल्याशीं भांडूं लागल्या. काकांना तें कधींच जमलें नाहीं. घरांतील सत्ता कशी हळूहळू फिरली तें ह्या पत्रांत फार स्पष्ट दिसतें. विजेचें बिल आलें कीं वाचावयाचें कोणीं? तर नऊ वर्षांच्या धाकट्यानें. नगरपालिकेचा कागद, कारखान्याची नोटीस, दवाखान्यांतील चिठ्ठी, सर्व त्याच्या हातीं. आणि जो मुलगा बापाला कागद वाचून दाखवितो तो बापाचें ऐकेनासा होतो. परदेशीं गेलेल्या घराला जें मूल्य द्यावें लागतें त्यांतील हा भाग मला सर्वांत अवघड वाटतो. दारिद्र्य चार वर्षांत हटलें, पण बापाची गेलेली वाचा परत आली नाहीं. पत्रांत मात्र काका पूर्वीं जसे होते तसेच ऐटबाज मराठी लिहीत. मला आतां वाटतें, माझ्या वडिलांस पत्र लिहीत तेवढा वेळच ते पूर्वींचे काका असत.

भाषेविषयीं आणखी थोडें सांगण्याचा मोह आंवरत नाहीं. वाचकांनीं संस्कृतच्या मास्तराला एवढी सवलत द्यावी. हिब्रू ही शेंकडों वर्षें केवळ धर्मग्रंथांची व विद्वानांची भाषा होती. आपल्याकडे संस्कृताचें जें स्थान तेंच तिचें. एलिएझर बेन येहूदा नांवाचा मनुष्य १८८१ सालीं यरुशलेमला आला आणि त्यानें ठरविलें कीं घरांत हिब्रूशिवाय शब्द बोलावयाचा नाहीं. पुढच्या वर्षीं झालेल्या त्याच्या मुलाच्या कानावर हिब्रूवांचून भाषा पडूं दिली नाहीं. बाहुली, रुमाल, सायकल अशा वस्तूंना शब्द नव्हते ते बनविले. शाळांनीं ती भाषा उचलली, आणि पन्नास वर्षांत ती गाडीवानाच्या शिव्यांपर्यंत पोंचली. आपण संस्कृताचा अभिमान मिरवितों, पण तिला चुलीपाशीं बसवावयास आपल्यापैकीं कितीजण तयार झाले असते? नव्या आलेल्यांसाठीं तेथें उल्पान नांवाचे वर्ग असतात. सहा महिने दुसरें कांहीं न करितां भाषा शिकावयाची. काका तेथें पहिल्या बांकावर बसत. जोडीच्या अवयवांना, म्हणजे हात, डोळे, कान यांना हिब्रूंत द्विवचन आहे, आणि क्रियापद पुरुषाला निराळें व स्त्रीला निराळें असतें, हें त्यांनीं वडिलांस मोठ्या हर्षानें कळविलें होतें. व्याकरण त्यांना लवकर आलें. बोलणें आलें नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. १९६३ सालीं मुलीचें लग्न ठरलें. ती परिचारिका झाली होती. मुलगा मोरोक्कोहून आलेल्या यहुदी कुटुंबांतील, त्याच गांवचा. इस्रायलांत यहुद्यांचे विवाह व घटस्फोट धर्मपीठाच्या हातीं असतात. तसा कायदा १९५३ पासून आहे. नोंदणीस गेल्यावर तेथील अधिकाऱ्यानें नवऱ्या मुलाला कांहींच विचारलें नाहीं. मुलीला मात्र आईची आई कोण, तिची आई कोण, तिचा विवाह कोठें व कोणत्या विधीनें झाला, पूर्वीं कोणाचा काडीमोड झाला होता काय, असें विचारूं लागला. पुरावा आणा, मग पाहूं.

हें एका अधिकाऱ्याचें लहरीपण नव्हतें. बेने इस्रायल हे यहुदीच आहेत असें तेथील मुख्य धर्मपीठानें १९६१ त मान्य केलें होतें. परंतु १९६२ त सूचना काढली कीं, बेने इस्रायलांपैकीं कोणी समाजाबाहेरच्या यहुद्याशीं विवाह करूं इच्छील तर मातृवंशाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. शंकेचें मूळ शास्त्रांत होतें. शास्त्रोक्त सोडचिठ्ठी न मिळालेल्या स्त्रीनें पुनर्विवाह केला तर तिच्या संततीला यहुदी समाजांत विवाह करतां येत नाहीं. आणि हे लोक शेंकडों वर्षें शास्त्रज्ञांवांचून राहिले असल्यामुळें त्यांच्यांत असे दोष शिरले नसतील कशावरून, हा युक्तिवाद. तर्क म्हणून तो समजतो. परंतु तर्काची ही सुरी एकाच समाजाच्या नांवापुढें ठेविली गेली होती. ज्यांनीं पोथीवांचून शनिवार सांभाळला, त्यांना पोथीवाले शनिवारचा दाखला मागत होते!

काकांनीं वडिलांस पत्र धाडलें. त्या पत्रांत राग नाहीं. कचेरींतील अर्जासारखें तें आहे. काकूंच्या आईचें माहेर रेवदंड्याचें, तिच्या आईचें पेणकडचें. तरी ह्या दोन घराण्यांसंबंधीं जो लेखी अगर तोंडी पुरावा मिळेल तो साक्षांकित करून पाठवावा ही विनंति. वडिलांनीं त्या वर्षींची दिवाळीची सुट्टी ह्या कामांत घालविली. अलिबागच्या व रेवदंड्याच्या प्रार्थनामंदिरांतील जुनीं दप्तरें पाहिलीं, दफनभूमींतील थडग्यांवरचे लेख उतरून घेतले, पेण तालुक्यांतील दोन खेडीं पायीं हिंडले. एका गांवीं ऐंशीच्या घरांतील आगरी म्हातारी भेटली. तिनें सांगितलें कीं, त्या घरचा घाणा शनिवारीं फिरतांना आपण पाहिला नाहीं, आणि त्या घरची लेक दुसऱ्या जातींत दिल्याचें ऐकलें नाहीं. तो जबाब वडिलांनीं मराठींत लिहून घेतला, खालीं इंग्रजी भाषांतर केलें, म्हातारीचा अंगठा घेतला आणि मामलेदारासमोर सही केली. माझे वडील जुन्या वळणाचे. गोत्र, प्रवर आणि सपिंड पाहिल्यावांचून त्यांनीं स्वतःच्या घरीं कार्य होऊं दिलें नसतें. असा मनुष्य एका यहुदी मुलीची वंशशुद्धि सिद्ध करण्यासाठीं चिखल तुडवीत होता. मुलगी पाहावयास येऊन आजोळची चौकशी करणाऱ्या आपल्या मंडळींना ह्या धर्मपीठाची रीति अगदींच अनोळखी वाटूं नये.

आणि ह्याच संदर्भांत काकांचें १९६४ च्या उन्हाळ्यांतील एक पत्र आहे, तें मला सर्व पत्रांत मोठें वाटतें. बेने इस्रायलांत पूर्वीं गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन भेद होते. ज्यांच्यांत अन्य जातीचें रक्त मिसळलें असें मानीत त्यांस काळे म्हणत. गोऱ्यांचा त्यांच्याशीं बेटीव्यवहार नसे, जुन्या काळीं भांडींहि वेगळीं. काकांचें घर गोऱ्यांतलें. त्यांनीं लिहिलें कीं, त्यांच्या थोरल्या चुलत्यानें असेंच एक ठरत आलेलें लग्न आजीच्या आईच्या नांवावरून मोडलें होतें, आणि ती मुलगी पुढें अविवाहितच राहिली. येथें रांगेंत उभा असतां मला तिचें नांव आठवलें. एवढेंच लिहून पुढें पावसाची चौकशी केली आहे.

त्या उन्हाळ्यांत देशभरच्या बेने इस्रायलांनीं यरुशलेमेंत धरणें धरलें. काकांनीं जन्मांत वरिष्ठांपुढें मान वर केली नव्हती. त्यांनीं बिनपगारी रजा काढली आणि ते रस्त्यावर जाऊन बसले. प्रकरण थेट विधिमंडळांत गेलें. १७ ऑगस्ट १९६४ रोजीं खास बैठक भरली. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारनें बेने इस्रायल हे सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे यहुदी आहेत असें जाहीर केलें आणि धर्मपीठानें ह्या लोकांच्या भावनांची दखल घ्यावी असें बजावलें. ३१ ऑगस्टला धर्मपीठानें सूचनेची भाषा बदलली : बेने इस्रायल हें नांव निघालें, आणि ज्याच्याविषयीं शंका असेल अशा कोणाहि व्यक्तीची चौकशी व्हावी असे शब्द आले. वरवर पाहतां फरक चार शब्दांचा. परंतु नांव घेऊन केलेला अपमान नांव काढल्यावांचून फिटत नसतो, हें काका कारकून असल्यामुळें बरोबर ओळखून होते. त्यांनीं नव्या सूचनेची नक्कल मराठींत करून वडिलांस पाठविली.

मुलीचें लग्न त्या वर्षाच्या अखेरीस झालें. एक गोष्ट कोणाच्या ध्यानांत आली नव्हती : मोरोक्कोच्या यहुद्यांतहि लग्नाआधीं मेंदीचा समारंभ असतो. काकूंनीं मेंदी भिजविली तेव्हां विहीणबाई आपलीहि मेंदी घेऊन आल्या, आणि एकमेकींची भाषा न कळतां दोघींनीं सारी रात्र गाणीं म्हटलीं. हिरवा चुडा अलिबागेहून आजीनें धाडला होता. टपालांत बांगड्या बऱ्याच फुटल्या, पण दोन्ही हातांपुरत्या निघाल्या. वडिलांचा तो साक्षांकित कागद कोणीं पाहिलाहि नाहीं. काकांनीं तो आपल्या धर्मग्रंथांच्या कपाटांत ठेविला.

पुढचीं वर्षें थोडक्यांत सांगतां येतील. घर झालें, थोरला मुलगा विमानांच्या कारखान्यांत लागून लोद गांवीं गेला, काकांची आई १९७१ त वारली. १९७३ च्या ६ ऑक्टोबरला, नेमक्या दारफाळणीच्या दिवशीं, युद्ध सुरू झालें. धाकटा मुलगा बावीस वर्षांचा, सैन्यांत. दारें लावून उपवास करीत बसलेल्या घरांत भोंगे ऐकूं आले. पंचवीस दिवस त्याचा पत्ता नव्हता. तो आला, पण एका कानानें अधू होऊन. काकांनीं त्या पत्रांत प्रथमच मुलाचें कौतुक केलें आहे, आणि घरांतील सर्व कागद आतां त्यानेंच सांभाळावे असें स्वखुषीनें ठरविल्याचें कळविलें आहे.

काकूंच्या पत्रांतून मात्र सर्व काळ स्वयंपाकघर बोलतें. मांसाबरोबर दूध चालत नाहीं, म्हणून ह्या लोकांच्या रश्श्यांत नेहमीं नारळाचें दूध. आणि वाळवंटांत नारळ कोठला? प्रथम सुक्या खोबऱ्यावर भागविलें. वर्षारंभाचा चिकाचा हलवा नारळाच्या दुधावांचून घट्ट होतो पण ‘आपला’ होत नाहीं, अशी तक्रार सहा वर्षें आहे. सातव्या वर्षीं नाहीं. कोकमें आणि वाल मात्र अलिबागेहूनच जात. नवस फेडावयाचा, बाळंतीण उठावयाची, मुलगा सैन्यांतून परत यावयाचा, कीं मलिदा केलाच : गोड पोहे, वर ओलें खोबरें, भोंवतीं फळें, आणि एलियाहू हानबी ह्या प्रेषिताची स्तुति. अलिबाग तालुक्यांत सागांवाजवळ एका खडकावर ह्या प्रेषिताच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे. तेथें अजून नवस फेडतात. इस्रायलांत गेल्यावर मलिद्याचीं ताटें हैफाच्या कार्मेल डोंगरांतील एलियाच्या गुहेंत जाऊं लागलीं. इतर देशींचे यहुदी प्रथम पोह्यांकडे संशयानें पाहत. मग मागून घेऊं लागले.

१९९२ त भारत व इस्रायल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले आणि येणेंजाणें सोपें झालें. तिकडे ‘मायबोली’ नांवाचें मराठी त्रैमासिक निघालें. १९९६ ची जागतिक मराठी परिषद इस्रायलांत भरली. भारतीय वंशाचे यहुदी तेथें आज ऐंशी हजारांच्या आसपास असावेत असा अंदाज आहे. भारतांत सर्व मिळून पांच हजारहि उरले नाहींत. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तेव्हां आमच्या इस्रायल आळींत तें वृत्त वाचावयास फार थोडीं घरें होतीं.

काका व काकू दोघेंहि आतां नाहींत. २०१८ च्या हिवाळ्यांत त्या परिचारिका मुलीची नात आमच्याकडे आली. बाविशीची, सैन्यांतील नोकरी संपवून देश पाहावयास निघालेली. तिला मराठीचे आठ-दहाच शब्द येत होते, तेहि स्वयंपाकांतले : खवणी, पाटा, बिरडें, ‘जेव ना’. मोरोक्कोच्या पणजीकडून शिकलेले अरबी शब्द त्याहून थोडे अधिक होते. तिनें पिशवींतून प्लास्टिकच्या वेष्टणांत जपलेला एक कागद काढला. माझ्या वडिलांचें अक्षर मीं लांबूनच ओळखलें. खालचें इंग्रजी त्यांच्या घरांत सर्वांनीं वाचलें होतें, परंतु वरचें मराठी वाचणारें कोणी उरलें नव्हतें, आणि तें कानांनीं ऐकावें एवढ्यासाठींच ती आली होती. मीं वाचलें. आगरी म्हातारीचा जबाब दोन वेळां वाचून घेतला. ‘घाणा’ म्हणजे काय तें इंग्रजींतून कळलें असलें तरी तिला तो पाहावयाचा होता. बैलाचा घाणा तालुक्यांत मला तरी ठाऊक नव्हता. हल्लीं विजेवर फिरणारा लांकडी घाणा शौकीन लोकांसाठीं निघाला आहे, तसा एक बाजारांतील दुकानांत सांपडला. तिनें तो बराच वेळ पाहिला, दुकानदारास तो सातही दिवस चालतो काय म्हणून विचारलें, आणि शेजारच्या दुकानांतून दोन किलो कडवे वाल घेतले. मोड आणण्यास किती तास भिजत घालावे हें माझ्या पत्नीनें तिला बोटांवर मोजून दाखविलें.